घरवाल्याने बोलायचं नाही

मला तिन्ही वस्त्यांत 'ओळंबा' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण माझे कान तिखट आहेत. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंतीच्या माथ्यावरून खाली सोडलं की भिंत सरळ आहे का झुकली, ते लगेच कळतं. गवंड्याच्या पिशवीत थापीच्या खालोखाल मान त्याचाच, तेव्हा नाव तसं वाईट नाही. पण ते पडलं माझ्या स्वभावावरून. कुणाकडे पाहुणी म्हणून गेले तरी मी आधी भिंतीकडे बघते, मग माणसांकडे, आणि जे दिसलं ते बोलून मोकळी होते. आता भिंतीला पोट सुटलं असेल तर सुटलंय असं म्हणायचं नाही, तर काय बाळसं धरलंय म्हणायचं?

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी हकीकत माझं तोंड बंद राहण्याची आहे. ऐकणाऱ्यांचा विश्वास बसत नाही. माझ्या नणंदेचा तर अजून बसलेला नाही, आणि ती तिथे हजर होती.

आमच्या वस्त्या तीन. एकाच उतारावर, एकाच रस्त्याच्या कडेने वरची, मधली आणि खालची. तिन्ही आदिवासींच्याच, पण जमाती तीन आणि भाषाही तीन. शिव्या मात्र तिन्ही भाषांतल्या सगळ्यांना येतात, कारण पिढ्यानपिढ्या पाण्यावरून, गुरांवरून आणि अमक्याने तमक्याकडे तिरकं का पाहिलं यावरून आमची भांडणं चालायची. आम्हाला एकत्र आणलं ते खोकल्याने. माझी धाकटी नणंद आरोग्यसेविकेचं शिकून आली आणि तिन्ही वस्त्यांत घरोघर फिरली. मग तिने सगळ्यांना एका झाडाखाली जमवलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बोलता तुम्ही तीन भाषांत, पण खोकता एकाच भाषेत. आणि का खोकता ते मी सांगते. सगळ्यांच्या भिंती ओल्या, सगळ्यांच्या घरात धूर कोंडलेला, सगळ्यांना त्या ठेकेदाराने एकाच मापाच्या पत्र्याच्या पेट्या बांधून दिल्यात. मी गोळ्या देते, तुम्ही पुन्हा त्याच पेटीत जाऊन झोपता. मग गोळ्या गटारात टाकल्या काय नि पोटात टाकल्या काय!"

हिला हे बोलणं कुठून येतं ते मला माहीत आहे. माझ्याच हाताखाली वाढलीय ती.

तर त्या दिवसापासून तिन्ही वस्त्यांचं एक मंडळ झालं. सरकारी घरं ठेकेदाराकडून काढून आम्ही स्वतः बांधायला मागून घेतली. ती मिळवायला खेटे घालून चपला झिजल्या, पण मिळाली. तिन्ही वस्त्यांतल्या पोरी गवंडीकाम शिकल्या, काही सुतारकाम शिकल्या. मला नवऱ्याच्या बरोबरीने बांधकामावर जाऊन आधीपासूनच येत होतं, म्हणून त्यांना शिकवायला मला उभं केलं. आज शहरातल्या शाळेची इमारत बांधायला त्याच पोरींना बोलावणं येतं. आधी आमच्या पोरी शहरात जायच्या त्या लोकांची भांडी घासायला.

आता आमची बांधायची पद्धत. कुठल्याही वस्तीने आपल्या वस्तीतलं घर बांधायचं नाही. वरच्यांचं घर मधल्यांनी, मधल्यांचं खालच्यांनी, खालच्यांचं वरच्यांनी, आणि फिरून पुन्हा उलट. याचं कारण साधं आहे. स्वतःचं काम करताना माणूस 'चालतंय की' म्हणतो. दुसऱ्याच्या जमातीचं घर बांधताना मात्र आपल्या सगळ्या जमातीचं नाक पणाला लागतं. तिथे एक वीट तिरकी गेली तर ते पुढची पन्नास वर्षं ऐकवतील, ही भीती फार उपयोगाची आहे.

ही झाली मंडळाची पद्धत. तिच्यात एक नियम मी घातला. घर चालू असताना घरवाल्याने बांधकामाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. चहा द्यायचा आणि गप्प बसायचं. तोंड उघडलं, तर बांधणाऱ्यांनी थाप्या धुऊन पिशवीत टाकायच्या आणि त्या घराने रांगेत सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. हा नियम मी का घातला ते ज्याने दुसऱ्याचं घर बांधलंय त्यालाच कळेल. इथे कोनाडा काढा, तिथे फळी ठोका, काल म्हटलं होतं पण आज नको वाटतंय. डोकं फिरतं! वरच्या वस्तीतल्या ट्रकड्रायव्हरने असंच मोरीच्या जागेवरून तोंड घातलं, तेव्हा मी भर दुपारी माल घमेल्यात तसाच ठेवून पोरींना खाली उतरवलं. तो हात जोडत मागे आला, त्याची बायको रडली, पण मी बधले नाही. त्याचं घर अजून रांगेत आहे.

एक नियम माझ्या नणंदेनेही घातला. पाया आखण्याच्या आधी मुख्य मिस्त्रीने आणि तिने घरातल्या प्रत्येकाला एकट्याला बाजूला घेऊन विचारायचं, 'तुला या घरात काय हवं?' म्हातारी असो, आजारी असो, सून असो. आणि जे मागितलं ते घरातल्या दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. जमलं तर करायचं, नाही जमलं तर सोडून द्यायचं. ती म्हणायची, सगळ्यांदेखत विचारलं की घरातला एकच माणूस बोलतो आणि बाकीचे माना हलवतात. मी तेव्हा म्हटलं होतं, कशाला हा चोंबडेपणा? पण मंडळात हात वर झाले, तिचाही नियम पास झाला.

आणि मग पाळी आली मधल्या वस्तीतल्या आमच्या घरावर.

आमच्या घरात माणसं दोन. मी आणि आमचे हे. लेक लग्न होऊन लांब गेलीय. ह्यांनी तरुणपणी बांधकाम केलं, मग दगडाच्या खाणीत गेले. खालच्या वस्तीचा मिस्त्री आणि हे खाणीत जोडीने कामाला होते. मिस्त्रीने खाण वेळेवर सोडली, ह्यांनी सोडली नाही. दगडाची धूळ छातीत जाऊन बसली ती बसलीच. आता चार पावलं चालले की भिंत धरतात. दिवसातला बराचसा वेळ खाटेवर जातो. आमची ती पत्र्याची खोली म्हणजे पेटीच. एक झरोका, तोही छपराला लागून, त्यातून फक्त आभाळाचा तुकडा दिसायचा. भिंतीवर हात ठेवला तर तळवा ओला व्हायचा.

ठरल्या दिवशी येणारी डॉक्टरीण स्वभावाने गोड आहे, पण बोलते सरळ. तिने ह्यांची छाती तपासली आणि मला बाहेर नेऊन म्हणाली, "मावशी, मागची थंडी त्यांनी कशीबशी काढली. पुढची थंडी या खोलीत निघणार नाही. कोरडी जागा, मोकळी हवा, धूर अजिबात नको. तुमचं घर थंडीच्या आत व्हायला हवं."

मी हो म्हटलं. खोलीमागे जाऊन थोडी रडले, तोंड धुतलं आणि आत येऊन ह्यांना म्हटलं, डॉक्टरीण म्हणाली तब्येत सुधारतेय. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि 'बरं' म्हणाले. ह्यांना खोटं कळतं, पण ते बोलून दाखवत नाहीत. आमच्या दोघांच्या वाट्याचं बोलणं मीच संपवलंय, असं सासूबाई म्हणायच्या.

आमचं घर बांधायचं होतं खालच्या वस्तीने. म्हणजे मुख्य मिस्त्री तोच, ह्यांचा खाणीतला जोडीदार. मागच्या खेपेला त्याचं घर मी बांधलं होतं, आणि त्याला मागच्या अंगणात दार हवं होतं ते मी रस्त्याकडे काढलं होतं. त्याच्या म्हातारीने गुपचूप तसं मागितलं होतं, पण हे त्याला सांगायची मला बंदी. बिचारा रोज चहा घेऊन यायचा, दाराकडे बघायचा, आवंढा गिळायचा आणि परत जायचा. आता तो माझ्या दारात उभा होता आणि त्याच्या मिशीतलं हसू लपत नव्हतं.

"काय वहिनी," तो म्हणाला, "नियम माहीत आहेत ना?"

"मीच केलेत," मी म्हटलं.

"म्हणूनच विचारलं."

मला बाजूला घेऊन त्याने आणि नणंदेने विचारलं, घरात काय हवं. मी म्हटलं, "भिंत ओळंब्यात हवी." नणंद म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढं जमलं तरी पुष्कळ झालं." मग ती दोघं ह्यांच्याकडे आत गेली. बाहेर नुसता खोकला ऐकू आला. मला ठाऊकच होतं, ह्यांनी 'काही नको' म्हटलं असणार. लग्न झाल्यापासून दुसरं उत्तर मी ऐकलेलं नाही. जेवायला काय करू? काहीही. सदरा कुठल्या रंगाचा आणू? कुठलाही. असल्या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे सगळं आपणच ठरवायचं.

काम सुरू झालं आणि माझे हाल सुरू झाले.

पोरी विटा लावत होत्या. त्यातल्या निम्म्या माझ्याच हाताखाली तयार झालेल्या. एखादी सांधा जाड ठेवायची, आणि माझा हात आपोआप वर जायचा. मी तो तसाच केसांवरून फिरवून खाली घ्यायची. जीभ दाताखाली धरून धरून तिला घट्टे पडले असतील. ह्यांना खुर्ची टाकून मी बाहेर सावलीत बसवायची. ते माझ्याकडे बघून खोकायचे, आणि त्यातला कुठला खोकला खरा आणि कुठलं हसू, ते मला ओळखता येईना.

पण बाई मी आहे, मार्ग काढणारच. बोलायची बंदी होती, चहाची नव्हती. काम मनासारखं झालं की चहा दाट आणि गोड जायचा. कुठे खोट दिसली की साखर कमी व्हायची. हे मी मुद्दाम केलं असं म्हणणार नाही, हातच तसा पडायचा. पण मिस्त्रीच्या ते लक्षात आलं. एकदा पहिलाच घोट घेऊन त्याने पेला खाली ठेवला आणि परांचीवर ओरडला, "पोरींनो, चहा अगोड आहे. कोपरा तपासा!" कोपरा खरंच बाहेर गेला होता. तेव्हापासून पोरी चहा आला की आधी चव घ्यायच्या आणि मग भिंतीकडे बघायच्या. मंडळात यावर तक्रारही झाली. नणंदेने निकाल दिला, की साखर ही बोलण्यात धरता येत नाही.

असं सगळं रेटत चाललं होतं. भिंती कमरेला आल्या. आणि एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर रस्त्याकडच्या खोलीत, जिथे ह्यांची खाट यायची, तिथे खिडकीची जागा सोडली होती. कुठे सोडावी? माझ्या गुडघ्याला लागून!

मी जन्मभर खिडक्या बसवल्यात. खिडकी छातीशी असते. उभं राहिलं की हात टेकायचा आणि बाहेर बघायचं, तिला खिडकी म्हणतात. गुडघ्याशी असतं ते कोंबड्या आत यायचं भोक. पावसाचे शिंतोडे आत, ओल आत, आणि थंड वारा सरळ आजारी माणसाच्या छातीवर! ज्या थंडीतून ह्यांना वाचवायला घर बांधायचं, तिलाच दार उघडून दिल्यासारखं होतं ते. 

दुपारच्या चहात मी साखर घातलीच नाही. मिस्त्री प्याला आणि विटा लावत राहिला. संध्याकाळच्या चहात मी मीठ घातलं. तेही तो प्याला. नुसता डोळे मिटून प्याला आणि म्हणाला, "वा." मग मी केरसुणी घेतली आणि त्या भोकासमोर जमीन झाडत बसले. गुडघ्यावर बसून, म्हणजे त्याला कळावं. तो म्हणाला, "वहिनी, केर नंतर काढा, अजून माल सांडायचाय."

मी तडक नणंदेकडे गेले. ती कुठल्याशा बाळाचं वजन करत होती.

"नणंदबाई, तुझ्या भावाला मारायचं ठरवलंय त्या मिस्त्रीने," मी म्हटलं.

तिने बाळ काट्यावरून उचललं, आईकडे दिलं, आणि शांतपणे विचारलं, "बांधकामाबद्दल बोलतेयस का, वहिनी?"

"नाही. हवेबद्दल बोलतेय. खालून आलेल्या हवेबद्दल."

"हवेबद्दल मीही बोलू शकते. छान सुटलीय."

"अगं, तुझी माझी एक चूल होती! मी तुझ्या वेण्या घातल्यात!"

"घातल्यास. फार ओढून घालायचीस." मग ती जरा जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तोंड तुझं आहे, वहिनी. बोलायचं असेल तर बोल. उद्या चौकट बसेल, त्यानंतर बोलून फायदा नाही. पण बोललीस तर काय होईल ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

माहीत होतं. ट्रकड्रायव्हरची बायको रडताना मी ज्या तोंडाने 'नियम म्हणजे नियम' म्हटलं होतं, त्याच तोंडाने आता मला सवलत मागता आली नसती. थाप्या पिशवीत जाणार, घर रांगेच्या टोकाला जाणार, आणि थंडी तर कुणाच्या रांगेत उभी राहत नाही. बोलावं तर ह्यांना पत्र्याच्या खोलीत थंडी काढावी लागणार. न बोलावं तर छातीवर वारा. मी घरी आले आणि ह्यांना बघत बसले. ते म्हणाले, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही." ते म्हणाले, "आज भाजीत मीठ नाहीये." साहजिकच होतं, सगळं चहात गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकट बसवायला आणली. मी चहा न घेताच गेले. रिकाम्या हाताने मला येताना बघून पोरींच्या थाप्या जागच्या जागी थांबल्या. मिस्त्री चौकटीला हात लावून उभा होता. त्याने ती हळूच जमिनीला टेकवली.

"बोला वहिनी," तो म्हणाला. मिशीत हसू नव्हतं. मला वाटतं, त्यालाही भीती वाटत होती.

मी तोंड उघडलं. सगळं जिभेवर तयार होतं, क्रमाने लावून ठेवलेलं. तेवढ्यात माझी नजर ह्यांच्याकडे गेली. ते खुर्चीतून अर्धे उठले होते. एक हात खुर्चीला धरलेला आणि दुसरा माझ्याकडे असा किंचित वर केलेला. बोलू नकोस, असं सांगत होते. ज्या माणसाने आयुष्यात माझ्याकडे मिठाची चिमूटही मागितली नाही, तो काहीतरी मागत होता.

मला वाटलं, ते थंडीला घाबरलेत. आणि मग मलाच भीती वाटली. खिडकी वाकडी असली तर मी जन्मभर तिच्या नावाने बोटं मोडीन, त्यात माझा वेळ चांगला जाईल. पण ऐकायला माणूसच नसला तर बोटं मोडू कुणासमोर? गोधडी लावून खिडकी बुजवता येते. ह्यांच्या जागी दुसरं काही लावता येत नाही.

"चहात साखर किती घालू?" मी विचारलं.

"दोन चमचे," मिस्त्री म्हणाला. आणि वळून चौकट बसवायला लागला. पोरींच्या थाप्या पुन्हा चालू झाल्या.

घर थंडीच्या बरंच आधी झालं. वर छपरालगत झडपा काढल्या, चुलीवर धुराडं आलं, जमीन कोरडी आणि गुळगुळीत. रांगेतलं घर पुरं झालं की मिस्त्री घरवाल्याला म्हणतो, "आता बोला," तेव्हा बंदी उठते. मिस्त्री मला ते म्हणेपर्यंत मी त्या रस्त्याकडच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. बघवत नव्हतं मला.

मिस्त्रीने स्वतः ह्यांची खाट उचलून आत नेली आणि त्या खिडकीला लावली. बरोबर लागली. खाटेची कड आणि खिडकीचा कट्टा एका रेषेत, पाणसळ धरल्यासारखे. मी खिडकीला हात लावला. खालची सगळी काच घट्ट बसवलेली, उघडायची सोयच नाही. उघडत होती ती वरची झडप, माझ्या डोक्याच्या वर.

"वारा छातीवर येणार नाही," मिस्त्री म्हणाला. "एवढी अक्कल खालच्या वस्तीलाही आहे, वहिनी."

"मग खाली काच कशाला?" बंदी उठली होती, तरी माझा आवाज बारीक निघाला.

त्याने ह्यांच्याकडे बघितलं. हे खाटेवर आडवे झाले होते, कुशीवर. म्हणाले, "अगं, जरा इथे पड."

"काय? भरदिवसा?"

"पड तर."

मिस्त्री लगेच बाहेर गेला आणि पोरींवर उगाच ओरडायला लागला. मी खाटेच्या कडेला अंग टेकलं, ह्यांनी सरकून जागा केली. उशीवर डोकं ठेवून मी बाहेर बघितलं. रस्ता दिसला. रस्त्यापलीकडे ती मोकळी जागा दिसली, जिथे तिन्ही वस्त्यांचा मिळून दवाखाना व्हायचा होता. पाया आखून सुतळ्या ताणलेल्या, परांचीचे बांबू रचून ठेवलेले, विटांचा ढीग. आणि ते काम माझ्याकडे होतं. येता सगळा हंगाम मी तिथेच असणार होते.

"वरच्या वस्तीत काम करायचीस तेव्हा तुझा आवाज खाली यायचा," हे म्हणाले. मध्ये थांबत, श्वास घेत. "पोरींना रागवायचीस. मी पडून ऐकायचो. पण दिसायचं नुसतं आभाळ. त्यांनी विचारलं काय हवं, तर म्हटलं, काम करताना ती दिसायला हवी. पडल्या पडल्या."

 मी, ओळंबा, भर दिवसा खाटेवर आडवी, आणि तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांतलं पाणी नाकावरून उशीत गेलं. मला आनंद झाला होता आणि तो लपवायचं काही कारण नव्हतं.

"मला सांगायचं तरी," शेवटी मी म्हटलं. "मीठ प्यायला ना तो बिचारा."

"सांगायचं नाही, असा नियम आहे."

बाहेर आले तेव्हा मिस्त्री भिंतीला टेकून उभा होता. मी पिशवीतून ओळंबा काढला. माझी मागणी पुरी झाली का, ते बघायला नको? भिंतीच्या माथ्यावरून दोरी सोडली. वजन हललं, फिरलं, थांबलं. पोरी माना लांब करून बघत होत्या. भिंत दोन सूत बाहेर होती. मी दोरी गुंडाळली आणि म्हटलं, "चहा टाकते." त्या दिवशी इतकी साखर पडली, की मिस्त्रीने पेल्यात पाणी घालून घेतलं.

थंडी आली. हे बरे झाले असं मी म्हणणार नाही, त्या छातीतून धूळ निघत नाही. पण रात्री झोप लागते, चार पावलांची आठ झालीत, आणि डॉक्टरीण तपासून निघताना मला बाहेर बोलावत नाही. मला तेवढं पुरतं.

दवाखान्याचं काम मात्र निराळंच निघालं. इमारत तिन्ही वस्त्यांची, म्हणजे मालक सगळेच, म्हणजे नियमाने सगळ्यांनीच गप्प बसायचं. तसा एक दिवस काढून बघितला. कुणी घमेलंही मागेना, नुसते हातवारे, आणि त्या हातवाऱ्यांवरून दोन भांडणं झाली. मग तेवढ्या कामापुरता नियम सोडला आणि सगळे एकदम बोलायला लागले.

खिडक्यांची वेळ आली तेव्हा मी घरातून एक रिकामी खाट आणवली. भिंती अजून अर्ध्या, वर छप्पर नाही, आणि मी रुग्णांच्या खोलीच्या मधोमध खाट टाकून तिच्यावर आडवी झाले.

"वहिनी, दमलात का?" खालचा मिस्त्री परांचीवरून म्हणाला.

"माप घेतेय."

"असं पडून?"

"इथे येणारा माणूस उभा राहायला येणार आहे का?" मी विचारलं. "काच इथपर्यंत खाली घ्या. झडप वर."

"गुडघ्याशी?" तो ट्रकड्रायव्हर ओरडला. त्याचं स्वतःचं घर रांगेत असल्याने तो इथे हौस भागवून घेत होता. "खिडकी कधी गुडघ्याशी असते का? कोंबड्या आत येतील!"

"तू गप्प बस आणि वीट दे," मी म्हटलं.

मग मी कुशीवर वळून बघितलं, माप बरोबर आहे ना ते. सोडलेल्या जागेतून रस्ता दिसत होता, आणि रस्त्यापलीकडे अगदी समोर आमची खिडकी. दोन्ही एका रेषेत आल्या होत्या. काचेमागे हे कुशीवर पडून माझ्याकडे बघत होते. मी भर कामाच्या वेळी, सगळ्यांदेखत, अशी खाटेवर पसरलेली बघून त्यांना हसू आवरत नव्हतं. आवाज येत नव्हता, पण खांदे हलताना दिसत होते.

मी कोपरावर उठले आणि तिन्ही वस्त्यांना ऐकू जाईल अशी ओरडले, "हसताय काय? औषध घेतलंत का?"